लेदरहेड्स

लेदरहेड्स : व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या आरंभकाळावर बेतलेला हॉलिवूडचा प्रणयविनोदी चित्रपट (२००८). जॉर्ज क्लूनी हे त्याचे दिग्दर्शक व नायक असून रेने झेलवेगर, जॉन क्रॅसिन्स्की आणि जॉनथन प्राइस यांच्या अन्य प्रमुख भूमिका आहेत. संगीत रँडी न्यूमन यांचे आहे. शीर्षक त्या काळच्या खेळाडूंच्या चामडी शिरस्त्राणावरून घेतले आहे. नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघांच्या संघटनेने (पुढे ‘लीग’) शिरस्त्राण सक्तीचे केले ते १९४३ मध्ये. त्याआधी काही खेळाडू उघड्या डोक्यानेही मैदानात उतरत.

कथानक १९२५ मधील आहे. डलूथ बुलडॉग्ज हा संघ दिवाळखोरीत निघतो, तेव्हा वयाने उतरणीला लागलेला डॉज कॉनेली हा खेळाडू प्रिन्स्टन विद्यापीठाचा लोकप्रिय खेळाडू व युद्धवीर कार्टर रदरफोर्ड याला आपल्या संघात आणतो. रदरफोर्डच्या शौर्यकथेची शहानिशा करण्यासाठी लेक्सी लिटलटन ही वार्ताहर तेथे येते आणि दोघेही तिच्याकडे ओढले जातात. चटपटीत संवादांची ही मांडणी १९३०–४० च्या दशकांतील ‘स्क्रूबॉल’, म्हणजे नायक-नायिकेच्या शाब्दिक चकमकींवर चालणाऱ्या, विनोदपटांच्या वळणाची आहे.

चित्रपटातील संघामागे कोणता खरा संघ आहे, याविषयी सर्वसाधारणपणे मिनेसोटा राज्यातील डलूथ एस्किमोज या संघाचे नाव घेतले जाते. हा संघ १९२३ मध्ये एका हार्डवेअर दुकानाच्या नावावरून ‘केलीज’ म्हणून लीगमध्ये दाखल झाला. ‘एस्किमोज’ हे नाव आणि स्टॅनफर्डचा नामांकित खेळाडू अर्नी नेव्हर्स हे दोन्ही त्याला १९२६ मध्ये, म्हणजे कथानकाच्या काळानंतर मिळाले. त्यामुळे संघाचे गाव डलूथचे असले, तरी कथेचा गाभा रेड ग्रेंज या गाजलेल्या महाविद्यालयीन खेळाडूच्या प्रकरणातून आला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. इलिनॉय विद्यापीठाकडून शेवटचा सामना खेळल्यावर अवघ्या पाच दिवसांनी, २६ नोव्हेंबर १९२५ रोजी, ग्रेंज शिकागो बेअर्सकडून उतरले आणि तोवर तुरळक प्रेक्षकांवर चालणाऱ्या या खेळाला एकाएकी गर्दी लोटली. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ती सुमारे ७०,००० होती. त्यांचे व्यवहार पाहणारे सी. सी. पाइल आणि चित्रपटातील रदरफोर्डचा व्यवस्थापक सी. सी. फ्रेझियर यांची आद्याक्षरे जुळतात, तो योगायोग मानणे अवघड आहे. मात्र ग्रेंज यांच्या वाट्याला युद्ध आले नव्हते. रदरफोर्डच्या पराक्रमाची कथा पहिल्या महायुद्धातील अमेरिकन वीर सार्जंट ॲल्विन यॉर्क यांच्या कीर्तीची आठवण करून देते.

पटकथा डंकन ब्रँटली व रिक रायली या क्रीडापत्रकारांची असून ती अनेक वर्षे निर्मितीवाचून पडून होती. तिच्या पुनर्लेखनाचे श्रेय क्लूनी यांना हवे होते. अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेच्या लवादाने दोन विरुद्ध एक मताने ते नाकारले, तेव्हा त्यांनी संघटनेचे पूर्ण सभासदत्व सोडून केवळ शुल्क भरणाऱ्याचा दर्जा स्वीकारला.