जहाजाच्या पोटातलं पाणी आणि आपली खाडी

ठाण्याची खाडी ऐरोली, वाशी ओलांडून दक्षिणेला मुंबईच्या बंदरात उतरते. त्या पाण्याच्या पश्चिम काठावर मुंबई बंदर, पूर्वेला १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवा. भरतीला हेच पाणी उलट खाडीत शिरतं, तिवरांच्या मुळांशी पोचतं, फ्लेमिंगोंच्या चिखलावर पसरतं. म्हणून धक्क्याला लागलेलं जहाज पाण्यात काय सोडतं, हा प्रश्न खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या कोळ्याच्या जाळ्यापर्यंत येतो.

माल उतरवून हलकं झालेलं जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून घेतं आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतं. हे बॅलास्ट पाणी. त्यातून शिंपल्यांच्या आणि खेकड्यांच्या अळ्या, सूक्ष्म शैवाल, पटकीचे जीवाणूसुद्धा महासागर ओलांडतात. नव्या ठिकाणी हवापाणी मानवलं आणि खाणारं कुणी नसलं, की त्यांचं फावतं.

शंका जुनीच होती. १९०३ मध्ये उत्तर समुद्रात आशियातला एक डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शैवाल, अचानक भरघोस वाढलेला आढळला आणि तो जहाजांबरोबर आला असावा, असं डॅनिश शास्त्रज्ञ ओस्टेनफेल्ड यांनी १९०८ मध्ये मांडलं. तरी टाक्यांमधलं पाणी काढून तपासायला १९७० चं दशक उजाडलं. मग धक्के लागोपाठ बसले. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची नेमिऑप्सिस ही कंगवा-जेली, जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक जीव, काळ्या समुद्रात पसरली. तिथली अँकोव्हीची मासेमारी त्या दशकाच्या अखेरीस कोसळली, त्यात अतिमासेमारीबरोबर या जेलीचाही हात होता. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये झेब्रा शिंपले सापडले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने हा विषय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे नेला. १९९१ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, पण त्या पाळणं ऐच्छिक होतं.

इथून पुढचा टप्पा आपल्या पाण्याशी थेट जोडलेला आहे आणि इकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. २००० मध्ये ‘ग्लोबॅलास्ट’ हा बॅलास्ट पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी जगातली सहा ठिकाणं निवडली : चीनमधलं दालियान, इराणचं खार्ग बेट, युक्रेनचं ओडेसा, दक्षिण आफ्रिकेतलं साल्दान्या, ब्राझीलमधलं सेपेतिबा आणि मुंबई. मुंबईच्या अभ्यासात जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजे न्हावा-शेवाही होतं. काम केलं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी. ही संस्थाही अशाच सहकार्यातून उभी राहिली. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १९६६ मध्ये तिची स्थापना झाली.

धक्क्याच्या खांबांवरची जीवांची वाढ खरवडायची, तळाचा गाळ काढायचा, बारीक जाळीने प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायचे आणि त्यातला एकेक जीव ओळखायचा, असं हे काम. कुठल्या बंदरांमधून किती जहाजं येतात, त्या बंदरांचं तापमान आणि खारटपणा मुंबईशी कितपत जुळतो, हेही ताडून पाहिलं गेलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या नियमांचा पाया हाच, कारण आज काय आहे याची नोंद नसेल, तर उद्या काय नवं आलं हे कळणार कसं? मुंबईची अडचण आणखी वेगळी. इथे शतकानुशतकं गलबतं येत आली. त्यांच्या लाकडाला चिकटून काय काय आलं आणि इथलंच होऊन गेलं, हे सांगणं कठीण. म्हणून काही जीव देशी आणि परदेशी या दोन्ही याद्यांबाहेर, ‘मूळ अनिश्चित’ अशा तिसऱ्या यादीत ठेवावे लागतात.

काहींचं मूळ मात्र पक्कं माहीत आहे. मध्य अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा काळपट पट्ट्यांचा एक छोटा शिंपला, मायटिलॉप्सिस सॅली, १९६७ मध्ये विशाखापट्टणमला नोंदला गेला आणि पुढे मुंबईतही आढळला. तोच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या नौकातळांवर (मरिनांमध्ये) दिसला, तेव्हा तिथल्या सरकारने ते तळ बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडलं. शिंपला नष्ट झाला. इतक्या लवकर सापडलेल्या आणि बंदिस्त पाण्यातल्या जीवाबाबतच हे शक्य होतं. आपल्याकडे तो कधीच पसरला होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनला बॅलास्ट पाण्याचा करार स्वीकारला गेला. तो लागू व्हायला जगाच्या जहाजवाहतुकीचा ३५ टक्के टनभार असलेले किमान ३० देश हवे होते. ते जमून करार लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडला. करारानुसार सोडलेल्या एक घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असायला हवेत. पटकीच्या जीवाणूंसाठी वेगळी मर्यादा आहे. जुन्या जहाजांवर शुद्धीकरण यंत्रणा बसवायला सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत होती.

पण डार्विनचा शिंपला नौकांच्या बुडाला चिकटून आला असावा, असं मानलं जातं. म्हणजे टाकीतल्या पाण्यावरच्या कराराने तो अडला नसता. बुडावरच्या वाढीबाबत आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. १९९१ च्या सूचनांसारख्याच त्याही ऐच्छिक आहेत.