सोळा की चोवीस? मूकपटांच्या नव्या संगीतामागचा वेगाचा वाद

मूकपटाला आजच्या संगीतकाराकडून नवं संगीत करून घ्यायचं आणि वादकांना पडद्यापुढे बसवून तो दाखवायचा, हा प्रकार गेल्या वीसेक वर्षांत चांगला रुजला. सप्टेंबर २००४ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात 'बॅटलशिप पोटेमकिन' एका पॉप जोडीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासह उघड्यावर दाखवला गेला. त्याच चौकात ऑगस्ट २००७ मध्ये, भारतीय स्वातंत्र्याच्या साठीनिमित्त, 'प्रपंच पाश' (१९२९) सिंफनी वाद्यवृंदासह झाला. संगीत होतं ब्रिटनमध्येच वाढलेल्या भारतीय वंशाच्या संगीतकाराचं. ताजमहालाच्या दंतकथेवरचा 'शिराझ' (१९२८) ऑक्टोबर २०१७ मध्ये एका सतारवादक कलावतीच्या नव्या संगीतासह लंडनला दाखवला गेला आणि पुढच्याच महिन्यात हैदराबाद, कोलकाता, दिल्ली आणि मुंबईत आला.

अशा प्रयोगांनंतर चर्चा होते ती वाद्यांची. जुन्या चित्राला सिंथेसायझर शोभतो का, सतारीबरोबर चेलो का, वगैरे. पण संगीतकाराच्या हाती पहिली सुरावट येण्याआधीच एक निर्णय झालेला असतो, आणि तो वाद्यांपेक्षा कितीतरी जास्त वादाचा आहे: चित्रपट कोणत्या वेगाने चालवायचा?

मूळ काळाबद्दल थोडंच पुरे. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्यातल्या पहिल्या खेळांच्या जाहिरातींतच संगीताची हमी होती. पुढे पेटी-तबला पडद्याशेजारी आला, मोठ्या शहरांतल्या इंग्रजी थिएटरांत पियानो आणि व्हायोलिन. बहुतेक चित्रपटांना लिहून ठेवलेलं असं संगीत नव्हतंच. थिएटरचा वादक पडदा बघत जे वाजवी ते त्या खेळाचं संगीत. त्यामुळे 'मूळ संगीत हरवलं' असं आपल्या मूकपटांबद्दल म्हणतात तेव्हा हरवलेली वस्तू कागद नसून त्या वादकाची नजर आणि सवय आहे. 'पार्श्वसंगीत' हा शब्द मात्र इथे अगदी चपखल बसतो. आपण त्याचा अर्थ 'मागून येणारं' असा धरतो, पण संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, कूस. पेटीवाला खरोखर बाजूलाच बसायचा.

आता वेग. कॅमेरा हाताने फिरवायचा, प्रोजेक्टरही हाताने. सेकंदाला साधारण १६ फ्रेम, म्हणजे फिल्मवरची सुटी छायाचित्रं, हा मूकपटाचा ढोबळ वेग. विसाच्या दशकाच्या अखेरीस तो २० च्या पुढे सरकत गेला. बोलपट आले तेव्हा ध्वनीच्या गरजेने २४ हा आकडा कायमचा ठरला. कारण सोपं आहे. चित्र जरा मागेपुढे झालं तर डोळा सांभाळून घेतो, पण आवाजाची पट्टी हलली की कानाला लगेच खटकतं. पुढची कित्येक दशकं जुने मूकपटही या २४ च्या यंत्रांवरच चालवले गेले. माणसं टुणटुण उड्या मारत चालतात ही मूकपटांची बदनामी बरीचशी यातून आली.

आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. 'राजा हरिश्चंद्र' सुरतेत लागला तेव्हा तिथला थिएटरवाला कुरकुरत होता, की लोकांना दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायला मिळतं. मग जाहिरात निघाली: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम मावतात. म्हणजे ५७,००० फ्रेमची फिल्म होते साधारण ३,५६० फूट, आणि या चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे. दोन मैल ही जाहिरातीची भाषा, पण छायाचित्रांचा आकडा जवळपास चोख. आता भागाकार करा. सेकंदाला १६ ने ५७,००० फ्रेम चालतात ५९ मिनिटं. २४ ने चालतात साडेएकोणचाळीस. आज जिथे तिथे या चित्रपटाची लांबी 'सुमारे ४० मिनिटं' अशी छापलेली दिसते. ती लांबी बोलपटाच्या यंत्राची आहे. तीन आणे मोजणाऱ्या प्रेक्षकाने तासाभराचा खेळ पाहिला असणार, असं मला ठामपणे वाटतं.

ही वीस मिनिटं संगीतकाराच्या दृष्टीने फार मोठी आहेत. ३२० फ्रेमचा एक शोकप्रसंग धरा. १६ च्या वेगाने तो २० सेकंद टिकतो. तेवढ्यात एक मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, घेऊन षड्जावर विसावता येतं, तानपुरा क्षणभर एकटा ऐकू येतो. २४ ने तोच प्रसंग तेरा सेकंदांत आटोपतो आणि मींड अर्ध्यात तोडावी लागते. पात्राची चाल विलंबित आहे की द्रुत, हे वादकाने ठरवायच्या आधीच यंत्राने ठरवून टाकलेलं असतं.

याचं गाजलेलं भांडण 'नेपोलियन' (१९२७) वरून झालं. नोव्हेंबर १९८० मध्ये लंडनला तो नव्या संगीतासह दाखवला गेला, वेग मुख्यतः २० फ्रेमचा, लांबी पाच तासांच्या जवळ. दोनच महिन्यांनी न्यूयॉर्कला दुसऱ्या संगीतकाराचं संगीत, वेग २४ आणि काटछाट करून चार तास. वादकांचा ओव्हरटाइम द्यावा लागू नये म्हणून हे केलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. म्हणजे चित्रपटाची लय ठरली पगाराच्या हिशेबाने! वादकांना पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी पडद्यावरच्या माणसांना पळवणं मला पटत नाही. पुढे हक्कांचा गुंता इतका वाढला की लंडनची आवृत्ती वाद्यवृंदासह अमेरिकेत पोचायला २०१२ उजाडलं, तेही ओकलंडला.

'मेट्रोपोलिस'ची (१९२७) गोष्ट याच्या उलट. १९८४ मध्ये तो पॉप गाण्यांसह, रंग चढवून, दीड तासाहूनही कमी लांबीत बाजारात आला आणि अभ्यासक खवळले. पण या चित्रपटाचं मूळ संगीत लिहिलेलं होतं आणि ते टिकलं होतं. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला हरवलेल्या प्रसंगांची प्रत सापडली तेव्हा कोणता तुकडा कुठे जोडायचा हे ठरवायला त्याच स्वरलिपीतल्या हजाराहून जास्त खुणा कामी आल्या. २०१० ची आवृत्ती अशी संगीताच्या आधाराने जुळवली गेली.

आपल्याकडे असा कागदाचा आधार नाही. हजाराहून जास्त मूकपटांतले मोजकेच उरलेत, त्यांतलेही बरेच तुकड्यांत. 'कालिया मर्दन' (१९१९) त्यातल्या त्यात नशीबवान. फाळक्यांच्या लहानग्या मुलीने साकारलेला कृष्ण त्यात अजून डोळे मिचकावत हसतो. अशा चित्रपटाची १६ ची फाइल २४ च्या प्रोजेक्टरवर बसवताना बऱ्याचदा एक सोडून एक फ्रेम दोनदा दाखवतात. लांबी बरोबर येते, पण हालचालीला बारीक गचका बसतो, आणि तबल्यावर हात ठेवून पडद्याकडे बघणाऱ्याला तो पहिल्या मिनिटातच जाणवतो. कार्यक्रमपत्रिकेत वाद्यांची नावं असतात, वादकांची असतात, कधी रागांचीही. वेगाचा आकडा मात्र नसतो. तो रागाशेजारीच छापायला हवा.