सिरियल पोर्टच्या जोडणीमागचा इतिहास

मायक्रोकंट्रोलरच्या (एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाच्या) बोर्डावर सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारा पोर्ट, जोडताना टीएक्स (पाठवण्याची) आणि आरएक्स (ऐकण्याची) या तारांची अदलाबदल करायची की नाही, हा प्रश्न आजही पडतो. त्याचे मूळ १९६० सालच्या आरएस-२३२ या मानकात आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने ते आणले तेव्हा एका टोकाला टेलिप्रिंटरसारखे टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन लाइनशी जोडलेला मोडेम, एवढीच जोडणी डोळ्यांसमोर होती. पिनांची नावे टर्मिनलच्या बाजूने ठेवली गेली. टर्मिनल ज्या तारेवर पाठवते तिच्यावरच मोडेम ऐकत असल्याने सरळ केबल पुरत असे. पुढे मधला मोडेम गेला, समान दर्जाची दोन उपकरणे समोरासमोर आली आणि तारा उलटसुलट करणे भाग पडले.

व्होल्टेजचा गोंधळही त्याच काळातला. आरएस-२३२ मध्ये उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, तर अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. उलट कंट्रोलरच्या पिनवर १ म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्ट. म्हणूनच दोघांमध्ये पातळी बदलणारी आणि संकेत उलटा करणारी चिप लागते. बोर्डावर केवळ ५ व्होल्ट असताना उणे व्होल्टेज आणायचे कोठून, ही अडचण १९८० च्या दशकात आलेल्या मॅक्स२३२ चिपने चार छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने सोडवली.

प्रत्येक बाइटची सुरुवात आणि शेवट दाखवणारे स्टार्ट आणि स्टॉप बिट हा तर यांत्रिक टेलिप्रिंटरचाच वारसा होय. घड्याळाची वेगळी तार नसल्यामुळे दोन्ही टोकांचा वेग जवळपास सारखा ठेवावा लागतो. इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर हे विशेष जाणवते: घड्याळासाठीच्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ९६०० बॉड (येथे सेकंदाला ९६०० बिट) मागितल्यास टायमरच्या पूर्ण आकड्यांतून सुमारे १०४१७ किंवा ८९२९ एवढेच हाती लागते, आणि इतकी चूक चालत नाही. ११.०५९२ मेगाहर्ट्झ हा विचित्र वाटणारा आकडा त्यासाठीच रूढ झाला, कारण त्याला १२ ने, ३२ ने आणि शेवटी ३ ने भागले की नेमके ९६०० येतात.

कारखान्यांतील लांब अंतर आणि विद्युत गोंगाट यांपुढे एका सामाईक ग्राउंडवर विसंबलेली ही पद्धत अपुरी पडली, आणि १९८३ मध्ये दोन तारांतील फरकावर चालणारे आरएस-४८५ आले. त्यात कमी वेगाने सुमारे १२०० मीटरपर्यंत जाता येते, एका जोडीवर ३२ प्रमाणित भार बसतात आणि दोन्ही टोकांना साधारण १२० ओहमचा रोध लावतात. मानकाने तारांना ए आणि बी अशी नावे दिली खरी, पण अनेक चिप उत्पादकांनी ती मानकाच्या नेमकी उलट वापरली. हा दोष निस्तरण्याचे काम आजही जोडणी करणाऱ्यावरच येते. म्हणून केवळ अक्षरे पाहून तारा न बांधता लाइन रिकामी असताना कोणती तार अधिक आहे हे मीटरने पाहणे बरे.

आरएस-४८५ च्या दोन तारांच्या जोडणीत पाठवणे आणि ऐकणे एकाच जोडीवर होत असल्याने ट्रान्समीटर चालू-बंद करण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरकडे आली. पाठवायचे बाइट ठेवणारा बफर रिकामा झाल्याचा संकेत मिळताच ट्रान्समीटर बंद केला तर शेवटचा बाइट अर्धाच जातो. त्यासाठी शेवटचा स्टॉप बिटही बाहेर पडल्याचे सांगणाऱ्या वेगळ्या फ्लॅगची (कंट्रोलरमधल्या खुणेच्या बिटची) वाट पाहावी लागते.