चिमटीत तेल कळत नाही

मराठवाड्यात गळीत हंगामाआधी साखर कारखान्याचा गिअरबॉक्स उघडला की कुणीतरी तेलात बोट बुडवतं, चिमटीत चोळतं आणि निकाल देतं, 'पातळ झालंय, बदला.' पण चिमटीतला दाब फार तर वातावरणाइतका. गिअरच्या भिडलेल्या दोन दातांमध्ये तो १ गिगापास्कलच्या घरात, म्हणजे त्याच्या दहा हजार पट असतो. शिवाय व्हीजी ३२० या जाडीच्या श्रेणीतल्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ४० अंशांना ३२० सेंटिस्टोक, तर १०० अंशांना जेमतेम २४. थंड तेल चोळून काय कळणार?

खरी गंमत त्या दाबात आहे. त्याखाली तेलाचा घट्टपणा हजारो पटींनी वाढतो, ते क्षणभर घन पदार्थासारखं वागतं आणि दातांचं पोलाद किंचित दबून त्याला वाट देतं. उरते साधारण अर्ध्या मायक्रॉनची फिल्म, म्हणजे तेलाचा पातळ थर. लोड दुप्पट केला तर ती जेमतेम ९ टक्क्यांनी पातळ होते, पण वेग निम्मा केला तर सुमारे ४० टक्क्यांनी. म्हणून ऊस मिलच्या शेवटच्या, संथ गिअरची काळजी आधी करायची. फिल्मच्या जाडीला दोन्ही पृष्ठांच्या एकत्रित खडबडीतपणाने भागा: उत्तर ३ च्या वर असेल तर धातू धातूला लागत नाही, १ च्या खाली सतत लागतो. तिथे दात वाचवतात ती तेलात मिसळलेली गंधक-फॉस्फरसची ईपी (अतिदाबाची) रसायनं. जाड तेल सगळीकडे ओतणं हा उपाय नव्हे. वेगवान गिअरमध्ये ते घुसळून तापतं आणि तापून पातळ होतं.

घर्षण मोजायला एफझेडजी नावाच्या गिअर-चाचणी यंत्रात गिअरच्या दोन जोड्या दोन शाफ्टनी जोडून बंद साखळी करतात. एक शाफ्ट वजनाने पिळून कपलिंग आवळतात. टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, आतच अडकतो आणि मोटरला फक्त वाया जाणारी शक्ती, म्हणजे तोटा, भरून काढावा लागतो. तेवढाच मोजायचा. मग त्याच वेगाला आणि तापमानाला लोडविना चालवून घुसळण व सीलचा तोटा वजा करायचा. लोडमुळे वाढणारा बेअरिंगचा तोटा मात्र त्यातून जात नाही, तो वेगळा काढावा लागतो. हे विसरलं की तेल उगाच बदनाम होतं.

कारखान्यात झीज कळते ती तेलाच्या नमुन्यातून. गिअरबॉक्स चालू असताना किंवा थांबवल्यावर लगेच, तेलाच्या मधल्या थरातून नमुना घ्यावा. ड्रेन प्लगमधून घेतला तर जुना गाळ येतो. दसऱ्याला हळदकुंकू खुशाल वाहा, फक्त ब्रीदरपासून, म्हणजे गिअरबॉक्समध्ये हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडापासून, लांब. पिटिंग, म्हणजे दातांवर पडणारे खड्डे, नजर लागून होत नाही. आणि तपासणीत तेलातल्या लोहाचा पीपीएम (दहा लाखांत किती भाग) कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत, आणि पिटिंगचे तुकडे त्याहून मोठे असतात. त्यासाठी लोखंडाचे कण धरून ठेवणारा चुंबकी प्लग काढून पाहायचा.