टॉवरखाली अंधार

सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या मोबाईल टॉवरला ना हरकत द्यायची का, हा विषय निघाला आणि दोन मिनिटांत 'कॅन्सर' हा शब्द आला. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "समोरच्या इमारतीवर जाऊ दे, आपल्या डोक्यावर नको." भीती मनापासूनची होती, पण भौतिकशास्त्र इथे उलटं सांगतं.

टॉवरवरच्या उभ्या लांबट अँटेना लहरी सगळीकडे सारख्या फेकत नाहीत. झोत जवळपास आडवा, जेमतेम काही अंश खाली झुकलेला असतो. म्हणून दिव्याखाली अंधार! नेमक्या खालच्या घरात थोडंच पोचतं, त्यात मध्ये स्लॅब.

खरी गंमत मात्र फोनची आहे. फोनही लहरी सोडतो, आणि त्यांचा जोर किती हवा हे टॉवर त्याला सतत सांगत असतो, 'हळू बोल', 'जरा मोठ्याने'. थ्रीजीत हे सेकंदाला १५०० वेळा चाले. जुना टूजी फोन रेडिओपाशी ठेवला की कॉल येण्याआधी 'टिर्र टिर्र' ऐकू यायचं, आठवतं? ते फोनचे सेकंदाला २१७ स्पंद. रेंज नसेल तर हा फोन एका स्पंदात २ वॅटपर्यंत ओरडायचा, टॉवर जवळ असेल तर काही मिलिवॅटमध्ये कुजबुजायचा. शेकडो पटींचा फरक, आणि फोन कानाला टेकलेला! टॉवर वस्तीबाहेर हाकलला की हेच ओरडणं आपण कानाशी आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं, ते मुख्यतः कानाला लावलेल्या फोनच्या मर्यादित पुराव्यावरून. टॉवरबाबतचा पुरावा तिला अपुराच वाटला.

२०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने फोनचा किरणोत्सर्ग कमी करणारी म्हणून शेणाची चिप पुढे आणली. अशी चिप खरोखर लहरी अडवू लागली, तर फोन आणखी जोर लावेल. असल्या वस्तूंवर पैसे घालवू नका.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली: ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवरून शुल्क भरून मोजणी मागवता येते.

आमची इमारत चाळीस वर्षांची. मी सभेत आधी स्ट्रक्चरल ऑडिट मागितलं, आणि टॉवरचा जनरेटर कुठे बसणार, रात्री आवाज किती, हे लेखी मागितलं. काकूंनी विचारलं, "म्हणजे टॉवर समोर गेला तर झोत माझ्या खिडकीत?"

अँटेना त्याच उंचीवर आणि तोंड इकडे असेल, तर हो.