गॅस गळणं वेगळं, गॅस लागणं वेगळं

थंडी पडली की आमच्या परभणीकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: "न्हाणीत गॅस लागला." कधी गिझर चालू असतो, कधी बंद खोलीत निखाऱ्यांचं घमेलं ठेवलेलं असतं. ऐकणारा लगेच विचारतो, "मग वास कसा नाही आला?" वास येतो तो गॅस वेगळा आणि माणसाला लागतो तो वेगळा. आपण दोघांनाही नुसतं 'गॅस' म्हणतो, तिथून घोटाळा सुरू होतो.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. त्याला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, त्याचाच तो सडक्या कोबीसारखा दर्प. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे गळाला की फरशीलगत, ओट्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. त्याचा मुख्य धोका भडक्याचा.

दुसरा कुठल्याच टाकीतून येत नाही. कोळसा, लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, अगदी सिलिंडरचा गॅससुद्धा, काहीही जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. वजनाला तो जवळपास हवेइतकाच, म्हणून खोलीभर पसरतो. बाजेवर झोपा की खाली सतरंजीवर, सारखंच. श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरून ठेवतं. माणूस श्वास घेत असतो, पण मेंदूला आणि काळजाला प्राणवायू पोचत नाही.

आपली मोठी चूक निखाऱ्यांबाबत होते. जुन्या बायका सांगत, शेगडी बाहेर पेटवावी, धूर जाऊ द्यावा, लालबुंद निखारे झाले की मगच आत आणावी. धुराचा त्रास त्यानं नक्की वाचतो. पण धूर गेला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड गेला असं नाही. वर राख धरलेला, विझत आलेला निखाराही तो सोडत राहतो. माळवदाच्या घरात छताला साणं असायचं, दाराच्या फळ्यांत बोटभर फटी असायच्या, त्यामुळे हवा खेळती राहायची. आता स्लॅबची खोली, सरकत्या काचेच्या खिडक्या, वर दाराखाली कोंबलेली गोधडी. रीत तीच राहिली, घर बदललं.

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, जानेवारीत. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी, वरून ओवा-शेपाची धुरी. तासाभरात बहीण म्हणाली, डोकं जड झालंय. मग आईला मळमळू लागलं. आम्ही डिंकाच्या लाडवांवर ठपका ठेवला, पोटात जड गेले असतील म्हणून. चुलती बाहेरून आली, आत कोंदटलंय म्हणत तिनं दार-खिडक्या सताड उघडल्या आणि शेगडी उचलून अंगणात नेली. अर्ध्या तासात दोघींना बरं वाटायला लागलं. काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कळलं. बाळ त्या संध्याकाळी दुधालाही उठलं नव्हतं, आणि आम्ही त्याला गुणी म्हणत होतो. तान्हं लेकरू आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, तो वायूही त्याच्या अंगात तितक्याच लवकर भिनतो.

म्हणून लक्षणं ओळखायला शिकलं पाहिजे. डोकं ठणकणं, चक्कर, मळमळ, पायांतलं बळ जाणं. पित्त समजा, विषबाधा समजा, सगळ्याशी जुळतं. फरक एवढाच की ताप नसतो, एका खोलीतल्या दोघा-तिघांना एकदमच होतं, आणि मोकळ्या हवेत आलं की उतरू लागतं. कोरोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन कोणता आणि हा वायू कोणता हे वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस निपचित पडलेला असतानाही ते 98 दाखवू शकतं. दवाखान्यात गेल्यावर आपण होऊन सांगा की बंद खोलीत शेगडी होती किंवा गिझर चालू होता. त्यावर डॉक्टर रक्त तपासतात आणि ऑक्सिजन लावतात. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

गॅस गिझरमध्ये दोन्ही धोके एकत्र येतात. नळी किंवा रेग्युलेटर सैल असेल तर गळती, त्याचा वास येतो. सगळं घट्ट असेल, ज्योत नीट पेटली असेल, तरी जळलेली हवा न्हाणीतच राहते. हा गिझर शेगडीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट गॅस जाळतो, आणि तेही दोन बादल्या ठेवण्याएवढ्या जागेत. घरातले पाच जण एकापाठोपाठ न्हाले तर सगळ्यात वाईट हवा शेवटच्याच्या वाट्याला येते. गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. बसवणारा "काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नये. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, काजळी धरली तर मेकॅनिक बोलवावा. जळणाचा तांब्याचा बंबही अंगणातच बरा.

प्रसंग आला तर आधी कोणता गॅस ते ठरवावं लागतं, कारण दोन्ही वेळी हात वेगळा चालवावा लागतो. वास आला तर दिव्याचं बटन, पंखा, काडेपेटी कशालाही हात लावू नये. चालू असलेलं बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारं उघडावीत आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करावा. वास नाही, पण न्हाणीतून हाकेला ओ येत नाही, तर बाहेरून सिलिंडर बंद करा, दार तोडा, श्वास रोखून माणसाला मोकळ्यावर ओढून आणा आणि 108 ला फोन लावा. आत उभं राहून त्याला शुद्धीवर आणत बसलात तर तुम्हीही पडाल.

बहिणीच्या दुसऱ्या खेपेला आईनं शेक सोडला नाही. शेगडी मात्र ओसरीवर होती. ओव्याची पुरचुंडी तिथे तव्यावर गरम करायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, पदराखाली धरून आत न्यायची. बाजेखाली काही नव्हतं. वरची खिडकी चार बोटं उघडी होती, आणि लेकरू दर दोन तासांनी दुधासाठी टाहो फोडत होतं.