ताई-दादा तालमीत काय शिकतात?

आमच्या बालनाट्य वर्गात १० वर्षांपुढच्या मुलांकडे एक खास काम असतं: ५ ते ७ वर्षांच्या मुलांचे संवाद बसवून घ्यायचे. "आम्ही फी भरतो ती मुलीनं अभिनय शिकावा म्हणून, लहानांना सांभाळावं म्हणून नव्हे," असं काही पालक म्हणतात. शंका रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

एक संवाद घ्या: "महाराज, शत्रूनं गडाला वेढा घातलाय!" सहा वर्षांचा शिपाई हे घडाघडा म्हणतो आणि विचारतो, "ताई, वेढा म्हणजे?" ताईनं हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला असतो, उत्तरपत्रिकेत लिहिलेलाही असतो. पण 'चहूबाजूंनी घेरणे' म्हणून भागत नाही, कारण लगेच "घेरणे म्हणजे?" येतं. मग ती चौघांना गोल उभं करते, शिपायाला मध्ये ठेवते. "जा, बाहेरून पाणी आण बघू. जाता येत नाही ना? धान्यही आत येत नाही. हा वेढा." पुढच्या वेळी शिपायाच्या आवाजात भीती उतरते आणि ताईला तो शब्द स्वतःच्या भाषेत सांगता येतो. नुसत्या पाठांतरातून हे साधत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

समोरच्याला झेपेल असं बोलणं मुलांना लवकर जमू लागतं. १९७३ साली मेरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की चार वर्षांची मुलंसुद्धा दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना वाक्यं आखूड आणि सोपी करतात. तालमीत याच जाणिवेला रोज काम मिळतं.

उच्चारांकडेही कान जातो. 'चाक' आणि 'चंद्र' यांतला च लिहायला एकच, बोलायला वेगळा. लहानग्याला तो फरक दाखवायचा तर आधी स्वतःचा उच्चार नीट ऐकावा लागतो.

विंगेतून प्रॉम्प्टिंग करताना, म्हणजे रंगमंचाच्या कडेला उभं राहून विसरलेला संवाद सुचवताना, आमचा नियम असा, की फक्त पहिला शब्द द्यायचा. समोरचा विसरलाय, की मुद्दाम थांबलाय? हे ओळखायला संहिता पाठ असून पुरत नाही, ती कळलेली असावी लागते.

लहानांना मदत तालमीच्या शेवटच्या २० मिनिटांतच. बाकी वेळ ज्याच्या त्याच्या भूमिकेचा. लाजऱ्या मुलांवर सक्ती नाही, त्यांना आधी एकाच लहान मुलासोबत बसवतो. घरी मराठी कमी बोलली जात असेल, तर प्रवेश घेताना जरूर सांगा. जोडी त्याप्रमाणे ठरवू.